काकूंची टाकी

पहिली डुबकी मारून बाहेर आले तेव्हा माझ्या पाठीवरच्या टाकीत, आत जाताना होती त्यापेक्षा जास्त हवा होती. काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडे जाऊन टेकला होता. ऋजुतानं काचेवर टिचकी मारून पाहिली, मग स्वतःच्या टाकीचा काटा पाहिला. तिची हवा निम्म्याहून खाली आली होती. माझी लेक आणि मी बरोबरच पाण्यात उतरलो होतो आणि बरोबरच बाहेर आलो होतो.

“आई, तू आत श्वास घेत होतीस ना?”

“घेत होते की. उधळत नव्हते, इतकंच.”

मला काही नवल वाटलं नाही. वाटायचं कारणच काय? ऋजुता बालवाडीत होती तेव्हा तिचे बाबा गेले आणि मी मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत खानावळ काढली. मेडिकलची पोरं यायची, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली खेड्यातली माणसं यायची, कुणी ऐनवेळी चार जणांना बरोबर घेऊन दारात उभा राहायचा. एकालाही मी नाही म्हणून परत पाठवलं नाही. शिराळकर काकूंच्या पातेल्याचा तळ आजवर कुण्या गिऱ्हाइकानं पाहिलेला नाही. हे मी मिरवून सांगते आणि सांगणारच. पुरवून वापरायचं कसं हे एकदा हाताला कळलं, की मग भाताचं काय आणि हवेचं काय.

ऋजुता रॉटरडॅमला असते. तिथं समुद्र अडवून धरायचं एक खातं आहे, त्यात ती इंजिनिअर आहे. आता बोला. मिरजेच्या खानावळीतली पोर, ती एका देशाला कोरडं ठेवते. तिनंच मला कॅरिबियन समुद्रातल्या ह्या छोट्याशा बेटावर सुट्टीला आणलं. ह्या वयात पाठीवर टाक्या बांधून समुद्रात काय शिरतेस, असं माझ्या जावा म्हणाल्या. मी कृष्णेत भोपळा बांधून पोहायला शिकलेली बाई, मला काय त्याचं? रॉटरडॅमच्या पोहायच्या तलावात शिकवणी झाली, तेव्हा विशी-बाविशीची पोरं नाकात पाणी गेलं म्हणून खोकत काठावर बसली होती आणि मी तळाशी मांडी घालून बसले होते.

बेट फार गुणाचं. सपाट, निवडुंगाचं, रस्त्यावर माणसांपेक्षा गाढवं जास्त. इथं डुबकी मारायला होडी लागत नाही. मागं उघडी असलेली गाडी भाड्यानं घ्यायची, तिच्यात टाक्या टाकायच्या आणि समुद्राच्या कडेनं निघायचं. जागोजागी पिवळे रंगवलेले दगड आहेत, प्रत्येकावर त्या जागेचं नाव. दगड दिसला की थांबायचं, टाकी चढवायची आणि घाटाच्या पायऱ्या उतरावं तसं चालत पाण्यात जायचं. गाडीला कुलूप लावत नाहीत, काचासुद्धा वर करत नाहीत. मला हे फार आवडलं. आमच्याकडेही खानावळीचं दार कधी लावलेलं नसायचं.

पाण्याखाली मी नीट बघत होते. माझ्या तोंडातून निघालेले बुडबुडे पुरुषभर वर जायचे, तिथं जरा रेंगाळायचे आणि मग कामावरून घरी परतल्यासारखे खाली येऊन माझ्या टाकीत शिरायचे. पोपटमासे पोवळी कुरतडत होते, एक कासव गवतावर चरत होतं, कुणाचं ह्याकडे लक्ष नव्हतं. ऋजुताचे बुडबुडे मात्र वर जात होते. पोर लहानपणापासून हाताची सढळच.

टाक्या भरून देणारी लुडविना नावाची बाई होती. माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, कानात हे मोठे डूल. पत्र्याच्या शेडमध्ये तिचं हवा भरायचं यंत्र दिवसभर धडधडायचं. मी मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आमचं काही अडलं नाही. तिनं माझ्या टाकीचा काटा पाहिला. एक रिकामी टाकी आणली आणि माझ्या टाकीला नळीनं जोडली. ती भरली. दुसरी आणली. तीही भरली. शेडमधल्या सगळ्या टाक्या भरल्या तरी माझा काटा जागचा हलला नाही. मग लुडविनानं यंत्र बंद केलं. शेडमध्ये इतकं शांत झालं की बाहेरच्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या. उद्याही येणार का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच.

दुसऱ्या दिवशी जास्त हवा आणली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आता आजूबाजूला पोहणाऱ्यांचे बुडबुडेही वळून माझ्याकडे यायला लागले होते, आणि सगळ्यांत आधी ऋजुताचे. तिच्या ओठातून सुटले की थेट माझ्याकडे. मला मेलीला काय आनंद झाला म्हणून सांगू. शिकली, परदेशी गेली, साहेबीण झाली, तरी लेकरू वळतं ते आईकडंच. तिची टाकी लवकर संपायची, मग आम्ही वर यायचो. ती वाळूवर बसून धापा टाकायची आणि मी तिला म्हणायची, हळू घे गं, किती ते उधळेपण.

चौथ्या दिवशी वारा थांबला.

ह्या बेटावर वारा कधी थांबत नाही म्हणतात. इथली झाडं जन्मापासून एकाच बाजूला वाकलेली असतात. त्या सकाळी ती सरळ उभी होती, पाठीत भरलेली चमक निघून गेलेल्या माणसासारखी. मिठागरातले रोहित पक्षी उडायचं सोडून रस्त्यानं चालत निघाले होते. मी चहा टाकला तर गॅसची ज्योत शर्टाच्या बटणाएवढी. मी टाकीची नळी शेगडीकडे धरली, टाकीची चावी जरा पिळली, ज्योत उठली, चहा झाला.

“वारा थांबलाय आई,” ऋजुता खिडकीत उभी राहून म्हणाली.

“थांबेना का. आपल्याकडे आहे.”

त्या दिवशी दुपारी पहिली माणसं आली. एक मासेवाला होता, त्याला होडीपर्यंत चालत जाताना दम लागत होता. शाळेच्या बाई होत्या, फळ्यावर एक ओळ लिहून त्यांना खाली बसावं लागत होतं. पाद्रीबुवा आले, चर्चमधलं गाणं मधेच सोडावं लागलं म्हणून फार ओशाळले होते. सगळ्यांच्या काखेत रिकाम्या टाक्या. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीसमोर ती माणसं उभी राहिली आणि माझे हात आपोआप पदर खोचायला गेले. पदर कुठला, अंगात पोहायचे काळे कपडे, पण हात गेले खरे.

मी रांग लावली. ढकलाढकली नाही, पुढे घुसणं नाही, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी. लुडविना नळी जोडून द्यायला उभी राहिली. एकेक जण भरलेली टाकी घेऊन, दांकी काकू, दांकी काकू म्हणत जायचा. दांकी म्हणजे त्यांच्यात आभार. काकू हा शब्द त्यांना ऋजुतानं शिकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आमच्या घरासमोरच्या किनाऱ्यावर एक नवा पिवळा दगड आणून ठेवलेला, आणि त्यावर काळ्या रंगात लिहिलेलं, काकू. अक्षर ऋजुताचं होतं. समुद्राच्या एका दाराला माझं नाव लागलं होतं. माझ्या सासरच्यांनी घराच्या पाटीवर माझं नाव घालायला बारा भानगडी केल्या होत्या. मी दगडापाशी उभी राहून ऋजुताकडून फोटो काढून घेतला. फोटो काढताना ती मधे दोनदा वाळूवर टेकली.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे वाढताना घरचं माणूस शेवटी बसतं. आधी पाहुणे, मग शेजारपाजारचे, मग कामाला मदत करणारे आणि सगळ्यांचं झालं की मग आपण. ऋजुता शाळेतून भुकेली यायची, पण कधी ताट घेऊन पुढं आली नाही. दाराशी उभी राहून कुणाला काय हवं नको ते बघायची, पाणी द्यायची, पान उचलायची. जेवणारी माणसं म्हणायची, काकू, पोरीला वळण काय लावलंय हो. ते ऐकलं की माझं पोट तिथंच भरायचं. इथंही ती तशीच रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आपली रिकामी टाकी पायाशी ठेवून. मी तिला हाक मारली नाही. तिनंही माझ्याकडे बघितलं नाही. आम्हा दोघींना ठाऊक होतं कसं असतं ते.

पण रांग संपेना. कुणी नवं आलं, की ऋजुता एक पाऊल मागं सरकायची आणि त्याला हातानं पुढं उभं करायची. गावातली माणसं संपली तेव्हा बेटाच्या पलीकडच्या टोकाची आली. ती संपली तेव्हा आधी हवा घेऊन गेलेली परत आली, कारण त्यांची एव्हाना संपली होती. माणसं टाक्या पाठीला बांधूनच बाजारात जात होती, भांडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. गाढवं गुडघे टेकून बसली होती, त्यांनाही मी वाढलं. मुकं जनावर आधी, असं माझी आई म्हणायची.

रोज सकाळी आणखी आणायला समुद्रात जावं लागत होतं. आणि जितकी आणावी तितकी रांग वाढत होती. लुडविनाच्या हे लक्षात आलं असणार. एकदा नळी जोडता जोडता ती म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ नका, बघू काय होतं. मला राग आला. म्हटलं, बाई, दारात माणसं आहेत, त्यांना काय उपाशी बसवू? तिनं पुढची टाकी जोडली. तिच्याही पाठीवर आता टाकी होती.

त्या बेटाला एकच मोठा रस्ता आहे, समुद्राच्या कडेनं गोल फिरून जिथं सुरू होतो तिथंच येणारा. रांग त्या रस्त्यानं वाढत गेली. मिठागरावरून गेली, दीपस्तंभाला वळसा घातला, निवडुंगांच्या माळावरून उत्तरेकडं गेली. एका सकाळी मी ओसरीवर टाकी उघडायला बसले आणि पाठीला कुणाचा तरी खांदा लागला. वळून पाहिलं तर ऋजुता. रांग अख्ख्या बेटाला वेढा घालून परत माझ्यापाशी आली होती, आणि तिचं शेवटचं माणूस माझ्या पाठीला पाठ लावून उभं होतं.

तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. खांदे वर उचलून ती एकेक श्वास ओढत होती, आणि दोन श्वासांच्या मधे शब्द बसत नव्हता. हात लांब केला असता तर नळी तिच्या तोंडाशी गेली असती. माझ्यासमोर एक आजोबा उभे होते, हातात टाकी, चेहऱ्यावर संकोच. त्यांच्यामागं अख्खं बेट.

“घे गं,” मी मान न वळवता पुटपुटले.

“आधी ते,” ऋजुता म्हणाली.

काय सांगू तुम्हाला. काळजात लक्कन हललं आणि त्याच वेळी मान ताठ झाली. कुणाची आहे? माझी आहे. मी आजोबांची टाकी भरली, मागच्या बाईची भरली, तिच्या मागच्या पोरांच्या भरल्या. पाठीला ऋजुताचा खांदा लागत होता, वर जायचा, खाली यायचा. मग बराच वेळ तो वर गेला नाही, आणि मी हातातली नळी टाकून उठले.

उठले तरी रांग मोडता येईना. इतक्या माणसांदेखत पोटच्या पोरीला आधी वाढायचं, हे माझ्या हातून होईना हो. लोक काही म्हणाले नसते. फार सज्जन माणसं ती. पण मग मी तोंड कुठं दाखवलं असतं, आणि त्याहून म्हणजे ऋजुतानं ते घेतलं नसतं. मला एक युक्ती सुचली. पाण्यात एकट्यानं जायचं नाही, जोडीदार लागतोच, हा इथला पहिला नियम. जोडीदाराची हवा संपली तर आपली द्यायची, हा दुसरा. पाण्याखाली रांग नसते. तिथं आम्ही दोघीच असणार होतो, आई आणि लेक, आणि तिथं मी तिला पोटभर देणार होते.

मी सगळ्यांना सांगितलं, जरा थांबा, आणखी घेऊन येते. ऋजुताच्या पाठीवर तिची टाकी चढवली. तळाशी असेल नसेल तेवढीच हवा होती तिच्यात. दंड धरून तिला माझ्या दगडापाशून पाण्यात नेलं. पाणी छातीला लागलं तसं तिचं ओझं हलकं झालं आणि तिनं माझ्याकडे बघून अंगठा आणि बोट जुळवलं, ठीक आहे म्हणून. मीही जुळवलं.

खाली नेहमीसारखंच होतं. निळं, स्वच्छ, कुठंही घाई नाही. पोवळ्यांचा उतार संपतो तिथं वाळूचं एक मोकळं अंगण आहे, तिथं आम्ही गुडघे टेकून समोरासमोर बसलो. तिच्या तोंडातून एक बुडबुडा आला, माझ्याकडे आला, माझ्या टाकीत गेला. मग आणखी एक, लहान. मग काही आलं नाही.

हवा संपली की गळ्यावरून हात आडवा फिरवायचा असतो. तिनं फिरवला नाही. मागायची सवयच नाही तिला. मी माझ्या तोंडातली नळी काढली आणि तिच्यापुढं धरली. ती माझ्याकडे बघत होती, डोळे शांत, पापण्या जड. आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली.

मी वळले. माझ्या दगडापाशून माणसं पाण्यात उतरत होती. आजोबा, शाळेच्या बाई, मासेवाला, पाद्रीबुवा, डुलांसकट लुडविना, एकामागं एक, काखेत रिकाम्या टाक्या, उतारावरून खाली चालत येत होती. वाळूवर येऊन ती रांगेत उभी राहिली. कुणी ढकललं नाही, कुणी पुढं घुसलं नाही. मीच लावलेली शिस्त ती.

मी घाबरले. आयुष्यात कधी नव्हे ती घाबरले. खानावळीत पंगत बसलेली असताना गॅस संपला तेव्हा नाही, हे गेले तेव्हासुद्धा नाही, इतकी. मी ऋजुताचा जबडा एका हातानं धरला, लहानपणी औषध पाजताना धरायची तसा, आणि नळी तिच्या ओठांवर टेकवून दाबली. हवा सुटत होती, तिच्या गालांवरून वाहून परत माझ्याकडे येत होती. घे ना गं, घे ना बाळा, असं मी बिननळीच्या तोंडानं म्हणत होते आणि माझ्या तोंडात खारं पाणी जात होतं. तिनं ओठ मिटलेले ठेवले. मग तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. जेवणारे खोळंबलेत आणि आईचं भान सुटलंय असं दिसलं की ती असाच हात ठेवायची, आणि माझ्या हातातला वाढायचा डाव काढून घ्यायची. किती गुणाची पोर ती. तशातही अभिमानानं माझा ऊर भरून आला, इतका भरून आला की मावेना.

ऋजुतानं नळी माझ्या हातातून सोडवली, हलकेच बाजूला वळवली आणि रांगेतल्या पहिल्या माणसापुढं धरली.